मुशीआ : एक किनारा, दोन विशेषणे

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना स्थळवर्णन, व्यक्तिदर्शन, निवेदकाची दृष्टी या घटकांची चर्चा तुम्ही केली असेल. या लेखात मी तुमचे लक्ष त्यांहून लहान अशा एका घटकाकडे वेधू इच्छिते. तो घटक म्हणजे विशेषण. गावातील नामे बहुधा गावकऱ्यांनी दिलेली असतात. पुळण, खडप, खाजण, बंदर ही त्यांची नामे. विशेषणे मात्र पुष्कळदा पाहुण्याबरोबर येतात. ज्याचे पोट समुद्रावर आहे, असा माणूस आपल्या किनाऱ्याला 'रम्य' किंवा 'अस्पर्श' म्हणताना सहसा आढळत नाही. वारा कोणता सुटला आहे, भरती केव्हाची आहे, जाळे कोठे अडकते, याविषयी तो बोलतो.

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतात, मुशीआ नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी तेथे चार दिवस राहिले. या परिसराला बाहेरच्या जगाने दोन विशेषणे बहाल केलेली आहेत. येथील किनारा 'न बिघडलेला' आहे, असे पर्यटनाच्या पुस्तिका सांगतात. येथील भाषा 'बिघडलेली' आहे, असे स्पेनमधील प्रतिष्ठित वर्ग कित्येक पिढ्या सांगत आला. पहिले विशेषण स्तुतीचे, दुसरे निंदेचे. पहिले किनाऱ्याला लावलेले, दुसरे माणसांच्या जिभेला. तरीही या दोन्ही विशेषणांत एकच गोष्ट झाकली जाते, असे त्या चार दिवसांत मला दिसले. ती गोष्ट कोणती, हे सांगण्यासाठी आधी गावात जायला हवे.

सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे १४९५ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. तेथील एका चर्चासत्रासाठी मी गेले होते. संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपभरातून पायी येणारे यात्रेकरू याच शहरात येऊन थांबतात. त्यांच्यापैकी काही जण तेथे न थांबता आणखी पश्चिमेला, समुद्र लागेपर्यंत चालत राहतात. त्या वाटेच्या दोन टोकांपैकी एक फिस्तेरा आणि दुसरे मुशीआ. माझ्याबरोबर तेथील एक प्राध्यापिका होत्या. त्यांचे आजोळ याच किनाऱ्यावरचे. आम्ही बसने निघालो. स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणरणते ऊन आणि बैलांची झुंज येते. येथे तसे काही नाही. वाटेत निलगिरीची दाट झाडी, पावसाने काळपट झालेली ग्रॅनाइटची घरे आणि घरांशेजारी दगडी खांबांवर उभी असलेली धान्याची कोठारे दिसतात. उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक चपटा दगड बसवलेला असतो. आपल्या कोकणाप्रमाणे हाही ओला, हिरवा आणि डोंगरउताराचा मुलूख आहे.

मुशीआ एका चिंचोळ्या भूशिरावर वसले आहे. एका बाजूस बंदर, दुसऱ्या बाजूस उघडा अटलांटिक महासागर आणि मध्ये कोर्पिन्यो नावाची टेकडी. भूशिराच्या टोकाशी खडकांवर नौकेच्या मातेचे, म्हणजे 'विर्शे दा बार्का'चे देवालय आहे. संत याकोबाला धीर देण्यासाठी कुमारी मेरी दगडाच्या नौकेतून येथे आली, अशी आख्यायिका आहे. भोवतालच्या प्रचंड शिळांपैकी एक त्या नौकेचे शीड, एक नौकेचे अंग आणि एक सुकाणू मानली जाते. शिडाच्या शिळेखालून नऊ वेळा वाकून गेल्यास कंबरदुखी जाते, अशी समजूत आहे. २०१३ च्या नाताळच्या दिवशी आग लागून हे देवालय जळाले. पुढे ते पुन्हा उभारले गेले. या सबंध किनाऱ्याचे नाव आहे 'कोस्ता दा मोर्ते', मृत्यूचा किनारा. १८९० साली 'सर्पंट' हे ब्रिटिश युद्धनौकेचे जहाज जवळच्याच खडकांवर आपटले, त्यातून केवळ तिघे वाचले. मृतांना जेथे पुरले, त्या जागेला आजही इंग्रजांचे कब्रस्तान म्हणतात.

गावापासून चालत जाता येईल अशा अंतरावर लोउरिदो नावाची पुळण आहे. पांढरी वाळू, मागे गवत धरलेल्या वाळूच्या टेकड्या आणि पुढे अखंड लाटा. मी सकाळी गेले तेव्हा वाळूवर पक्ष्यांच्या पावलांखेरीज एकही ठसा नव्हता. दक्षिणेकडे नेमिन्या आणि ओ रोस्त्रो या याहून लांब, याहून निर्जन पुळणी आहेत. अशा किनाऱ्याला स्पॅनिश भाषेत 'कुमारी किनारा' या अर्थाचा शब्द वापरतात. आपल्या प्रवासवर्णनांतील 'अस्पर्श', 'अनाघ्रात' हे शब्द त्याच जातीचे. हात न लागलेले ते पवित्र, अशी ही कल्पना आहे.

हा किनारा असा का राहिला, याची काही कारणे अगदी साधी आहेत. येथील पाणी उन्हाळ्यातही थंड असते आणि पाऊस भरपूर पडतो. स्पेनच्या भूमध्य समुद्रावरील बेनिदोर्म हेही पूर्वी मच्छीमारांचेच गाव होते. १९५० नंतरच्या दशकांत पर्यटनाची लाट आली आणि तेथे समुद्रालगत गगनचुंबी इमारतींची भिंत उभी राहिली. ती लाट गालिसियाच्या थंड पाण्यापर्यंत तितक्या जोराने आली नाही. १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रकाठ सार्वजनिक मालकीचा ठरवला आणि त्यामागील सर्वसाधारणपणे शंभर मीटरच्या पट्ट्यात नव्या घरबांधणीला अटकाव केला. आणखी एक कारण आहे, ते मात्र सुखाचे नाही. येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली; आधी क्यूबा आणि अर्जेंटिना, नंतर स्वित्झर्लंड आणि जर्मनी. अर्जेंटिनात तर कोणत्याही स्पॅनिश माणसाला सरसकट 'गाय्येगो' म्हणजे गालिसियाचा म्हणतात, इतके हे लोक तेथे गेले. ज्या शांततेचे पाहुण्याला अप्रूप वाटते, तिच्यात गेलेल्या माणसांची अनुपस्थितीही मिसळलेली असते. मुंबईच्या पगारावर चाललेली आणि मे महिन्यापुरती भरणारी कोकणातील घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गावाच्या महासागराकडील बाजूस एक लहानसा किनारा आहे. तेथे वाळू नाही, लाटांनी गोल केलेले धोंडे आहेत. गालिसियन भाषेत वाळूच्या किनाऱ्याला 'प्राइआ' म्हणतात आणि अशा गोट्यांच्या किनाऱ्याला 'कोईदो'. मुशीआतील त्या जागेचे नावही ओ कोईदोच आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये या नावाची छायाचित्रे जगभर गेली.

त्या महिन्याच्या १३ तारखेस 'प्रेस्टिज' नावाचे तेलवाहू जहाज या किनाऱ्यासमोर वादळात सापडले. जहाजात सुमारे ७७ हजार टन जड इंधन तेल होते. त्याला बंदरात आसरा देण्याऐवजी खोल समुद्राकडे नेण्याचा निर्णय झाला. १९ नोव्हेंबरला जहाजाचे दोन तुकडे झाले आणि ते बुडाले. तेलाचा मोठा भाग समुद्रात गेला आणि लाटांमागून लाटांनी किनाऱ्यावर आला. त्या चिकट काळ्या राड्याला लोकांनी जो शब्द वापरला, तो तुम्ही टिपून ठेवावा असा आहे. तो शब्द 'चापापोते'. मेक्सिकोतील नाहुआत्ल या मूळ रहिवाशांच्या भाषेत डांबराला 'चापोपोत्ली' म्हणत. तेथून तो स्पॅनिश भाषेत गेला आणि अखेर येथील मच्छीमारांच्या तोंडी आला. संकटाला नाव देण्यासाठी भाषा किती दूरवर हात घालते, याचे हे उदाहरण आहे.

कोईदोजवळच्या गल्लीत एका घराच्या दाराशी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी लाकडी खिट्ट्यांवर नाडीची विणकामे करीत बसल्या होत्या. या भागातील स्त्रियांची ही जुनी कला. तरुणपणी त्या बंदरावर जाळी दुरुस्त करीत असत. माझ्या सहकारी त्यांच्या बोलीत बोलू लागल्या, तशा आजी खुलल्या. मी पन्नाशी उलटलेली बाई. पण मला त्यांनी पहिल्या वाक्यातच 'फिल्यिन्या', म्हणजे 'पोरी', केले.

"पोरी, आधी वास आला," त्या म्हणाल्या. "रात्रीचा. सकाळी पाहिले तर समुद्राचा आवाजच गेला होता. लाट आपटायची, पण तिला आवाज नव्हता. इतकी ती जड झाली होती."

मग त्यांनी साफसफाईविषयी सांगितले. आरंभीचे दिवस गावकरी हाताला येईल ते घेऊन उतरले. पुढे देशभरातून आणि देशाबाहेरून हजारो स्वयंसेवक आले. त्यांच्या पांढऱ्या पोशाखांमुळे त्यांना 'पांढरी भरती' म्हटले गेले. फावड्याने राडा उचलायचा, बादलीत भरायचा, माणसांच्या साखळीतून बादली वर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी खाली यावे तर किनारा पुन्हा तितकाच काळा. खाचरांतले धोंडे एकेक करून पुसावे लागत. बादलीसाठी आजींनी वापरलेला शब्द 'बाल्दे' होता. आपली 'बादली' पोर्तुगीजांच्या याच शब्दावरून आलेली आहे. तो शब्द ऐकताच त्या साखळीत मला आपल्याकडची बायका-माणसे उभी दिसली.

"आता लोक येतात," आजी म्हणाल्या, "आणि म्हणतात, येथे कोणाचा हात लागलेला नाही."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बोटे खिट्ट्यांवर चालू राहिली.

विद्यार्थी मित्रहो, पहिल्या विशेषणाची गोष्ट एवढीच आहे. जो किनारा आज 'न बिघडलेला' म्हणून दाखवला जातो, तो बिघडला होता आणि हातांनी पुन्हा उभा केला गेला. त्या काळात 'नुन्का माइस' म्हणजे 'पुन्हा कधीच नाही' या घोषणेखाली मोठी लोकचळवळ उभी राहिली. काळ्या पार्श्वभूमीवर निळा तिरका पट्टा हे तिचे निशाण. गावाच्या टोकाशी, देवालयाच्या वरच्या बाजूस, आता अकरा मीटर उंचीचा, मधून दुभंगलेला दगड उभा आहे. त्याचे नाव 'आ फेरिदा', जखम. यात्रेकरू त्या दुभंगातून समुद्राचे छायाचित्र घेतात.

किनारा राखण्याचे काम केवळ संकटकाळचे नसते. खडकांवर वाढणारे 'पेर्सेबे' हे शिंपलेवर्गीय दिसणारे, प्रत्यक्षात कोळंबीच्या कुळातले खाद्य येथे मोलाने विकले जाते. ते काढण्यासाठी परवाना लागतो आणि दिवसाला किती काढायचे याची मर्यादा असते. मच्छीमारांच्या संघांना त्यावर देखरेख ठेवावी लागते. होड्या परतल्यावर बंदरातील मंडईत मासळीची बोली लागते. तेथे भाव वरून खाली उतरत जातो आणि ज्याला परवडेल तो मध्येच थांबवतो. शेजारच्या पोर्तुगीज भाषेत बोलीला 'लेइलाँव' म्हणतात. आपला 'लिलाव' तेथून आलेला. गावाबाहेर वाऱ्याच्या तोंडी लाकडी मांडव आहेत. त्यांवर वाम माशासारखे लांबलचक 'कोंग्रियो' चिरून, उघडून, वाळत घालतात. आपल्याकडे बांबूंवर बोंबील वाळतात तसेच. हा सुका मासा पूर्वीपासून थेट आरागोन प्रांतातील कालातायुद या समुद्रापासून दूरच्या गावी जातो. तेथले लोक तागासारख्या वाखाचे दोरखंड वळत; मच्छीमारांना दोर हवा असे, त्यांना मासा. असा हा व्यवहार जुळला. पाहुण्याच्या छायाचित्रात हे मांडव 'नयनरम्य' दिसतात. त्यांच्याखाली उभे राहिले म्हणजे वारा कोणत्या दिशेचा असेल तर मासा नासतो, हे कळते.

आता दुसरे विशेषण. आजी माझ्याशी बोलताना मधूनच थांबत आणि स्पॅनिशमध्ये बोलू लागत. पाहुण्याशी 'नीट' बोलायचे, हा त्यांच्या पिढीचा संस्कार. शेजारीण आली की भाषा लगेच बदले. या भागातील गालिसियन बोलीत 'ग' हा ध्वनी घशातून, जवळजवळ आपल्या 'ह'सारखा उच्चारतात. मांजराला 'गातो' ऐवजी 'हातो' म्हणतात. स्वतःच्या भाषेचे नावही 'गालेगो' न राहता 'हालेहो' होते. या लकबीला भाषाशास्त्रात 'घेआदा' म्हणतात. शाळेत, कचेरीत, शहरात या उच्चाराची दीर्घकाळ टिंगल झाली. ज्याच्या तोंडी तो येई तो अडाणी. १९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या राजवटीत तर शाळा आणि सरकारी व्यवहार यांतून गालिसियन भाषाच हद्दपार होती. ती घरात, होडीत आणि शेतात उरली.

'बिघडलेली स्पॅनिश' हे तिचे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ती लॅटिनपासून स्वतंत्रपणे विकसित झाली. मध्ययुगात ती आणि पोर्तुगीज एकच भाषा होत्या आणि त्या भाषेत समृद्ध गीतकाव्य रचले गेले. तेराव्या शतकात खुद्द कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने कुमारी मेरीची स्तोत्रे याच भाषेत रचवून घेतली. म्हणजे ज्यांची भाषा पुढे 'शुद्ध' ठरली, त्यांचाच राजा कवितेसाठी ही 'अशुद्ध' भाषा निवडत होता. १८६३ साली रोझालिया दे कास्त्रो यांचा 'कान्तारेस गाय्येगोस' हा काव्यसंग्रह आला आणि या भाषेच्या आधुनिक साहित्याला नवे बळ मिळाले. १९६३ पासून दरवर्षी १७ मे हा गालिसियन साहित्यदिन पाळला जातो. १९८१ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने ती स्पॅनिशबरोबर राजभाषा झाली.

एक ध्वनी मात्र तुमच्या-माझ्या घरातला आहे. आमच्या खोलीची किल्ली देताना घरमालकीण म्हणाली, 'आ चावे'. स्पॅनिश भाषेत किल्लीला 'यावे' म्हणतात. आजची प्रमाण पोर्तुगीज हाच शब्द 'श'कार लावून उच्चारते. परंतु सोळाव्या शतकात पोर्तुगीज वसई, चौल आणि गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या तोंडी तेथे 'च' होता. तो 'च' मराठीच्या 'चावी'ने धरून ठेवला आणि गालिसियनच्या 'चावे'नेही. प्रतिष्ठित भाषेने जो उच्चार सोडला, तो 'बिघडलेल्या' म्हटल्या गेलेल्या भाषेत आणि सात समुद्रांपलीकडच्या मराठीत शाबूत राहिला. रायगड जिल्ह्यात चौलजवळ कोर्लई नावाचे गाव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही घरांत बोलली जाते. तिचे बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. मुशीआच्या आजीही आपल्या भाषेला 'आ नोसा लिंगुआ' म्हणाल्या, अर्थ तोच. बाहेरचा माणूस 'बिघडलेली' म्हणतो आणि आतला 'आपली' म्हणतो.

येथे दोन्ही विशेषणे एका जागी येतात. 'न बिघडलेला' किनारा म्हणताना तो राखणारे हात दिसेनासे होतात. 'बिघडलेली' भाषा म्हणताना ती राखणाऱ्या जिभा दिसेनाशा होतात. जे टिकले ते आपोआप टिकले आणि जे वेगळे आहे ते निष्काळजीपणामुळे वेगळे झाले, असा समज दोन्ही शब्द करून देतात. टिकवण्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात आणि वेगळेपणामागे नियम असतात, हे दोन्हींतून निसटते.

हे राखणे पुढे चालेलच याची हमी मात्र कोणी देत नाही. लोउरिदोच्या पुळणीच्या वरच्या उतारावर सरकारी पर्यटनगृहांपैकी एक भव्य वास्तू उभी आहे. तेलगळतीनंतर या भागाला दिलेल्या आश्वासनांपैकी ते एक. प्रत्यक्षात ती वास्तू २०२० साली सुरू झाली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, माथ्यावर गवत लावलेली, शक्य तितकी डोंगरात मिसळून जाणारी. गावातील कोणी म्हणते, त्यामुळे चार तरुणांना गावात काम मिळाले. कोणी म्हणते, उतार गेला तो गेलाच. दोघांचेही म्हणणे मी ऐकून घेतले. आजींच्या दोन नाती कोरुन्या शहरात असतात. त्या सुट्टीत येतात, आजीचे सारे समजते त्यांना, पण उत्तर स्पॅनिशमध्ये देतात. "त्यांना येते," आजी म्हणाल्या, "पण त्यांना ती लागत नाही." भाषेच्या ऱ्हासावर मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत, इतके नेमके वाक्य त्यांत क्वचितच भेटले.

मुक्त विद्यापीठातून शिकणारे तुम्ही अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हे वाचत आहात. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा अन्य एखादी बोली असेल. 'पाणी'ला 'पानी' म्हटल्याबद्दल वर्गात कोणी हसले असेल. प्रमाण मराठी तुम्ही शिकलीच पाहिजे. परीक्षा, नोकरी आणि व्यापक वाचन यांसाठी तिची गरज आहे. मात्र ती शिकताना घरची बोली 'बिघडलेली' आहे हे विशेषण स्वीकारण्याचे कारण नाही. 'ण' नसणे हाही त्या बोलीचा एक नियम आहे आणि भाषाशास्त्राचा विद्यार्थी टिंगल करण्याऐवजी त्या नियमाची नोंद करतो.

आणि उद्या तुम्ही आपल्या गावाविषयी, आपल्या नदीविषयी, एखाद्या किनाऱ्याविषयी लिहायला बसाल, तेव्हा विशेषण थोडे उशिरा येऊ द्या. आधी विचारा की येथे जाळे कोण विणते, विहिरीतला गाळ कोण काढते, भरतीने आणलेला कचरा कोण उचलते. त्या कामांना ती माणसे कोणते शब्द वापरतात, हे त्यांच्याच उच्चारात टिपून घ्या. वहीचे पहिले पान अशा नामांनी आणि क्रियापदांनी भरले की पुढचे लिहिणे तुम्हाला जड जाणार नाही.